विमानाच्या बगलेतला वारा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
बुधवार, दुपारचं जेवण आटोपून

ती. आदगोंडा भाऊजी आणि अक्का,

दोघांच्याही पायांना हात लावून बापूसोचा जय जिनेंद्र.

इकडं आम्ही सगळी धडधाकट आहोत. (हे वाक्य मी एरवी सवयीनं लिहितो. ह्या खेपेला हातपाय चाचपून बघून, खात्रीनं लिहिलंय.) अक्काच्या गुडघ्याला त्या नव्या तेलानं उतार पडला का? जिना चढू नकोस म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तर बाई शेजारणीच्या गच्चीवर पापड वाळत घालायला चढल्या, हे मला इथं बसून कळलंय. तुमची खोकल्याची उबळ थांबली असेल असं धरून चालतो. म्हैस व्याली का तेही कळवा. रेडी झाली असेल तर आमच्या सौ.नं एक नाव सुचवलंय, पण ते पत्रात लिहीत नाही, कारण ते तुमच्या विहीणबाईंचं आहे.

आता मूळ गोष्ट. मंगळवार पेठेतली बातमी एसटीच्याही आधी गडहिंग्लजला पोचते, तेव्हा "बापूसो आभाळातनं पडला" हे तुम्ही ऐकलं असणारच. भाऊजी, मी पडलेलो नाही. मी उतरलो. ह्या दोन्हींत फरक आहे आणि तो आमच्या सुनेनं मला नीट समजावून सांगितलाय. उतरताना जागा आपण निवडतो, पडताना जागा आपल्याला निवडते. आम्ही निवडली होती. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर अक्का मधेच रडायला लागते आणि तुम्ही मधेच "ते ऱ्हाऊ दे, जेवलास का?" असं विचारता, त्यामुळं माणूस आभाळातच लोंबकळत राहतो. म्हणून सविस्तर लिहितोय. चष्मा लावून सावकाश वाचा.

आमची भाग्यश्री कॉलेजात विमानं शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे. (लग्न जमवणाऱ्या पावण्यांनी "मुलगी इंजिनिअर हाय" एवढंच सांगितलेलं. कसली इंजिनिअर, हे विचारायचं ना तुम्हाला सुचलं ना मला. आपण दोघंही त्या वेळी तिच्या वडिलांकडच्या बासुंदीत गुंतलो होतो.) ती नुसती शिकवत नाही, उडवतेही. तिचं विमान म्हणजे ग्लायडर. लांबलचक पंख, बारीक अंग, वर काचेचं झाकण, आणि इंजिन नाही. विसरलेलं नाही, बसवलेलंच नाही. दुसरं एक इंजिनवालं विमान दोरानं त्याला ओढत वर नेतं, वर गेल्यावर दोर सोडतात, आणि मग हे आपलं हवेवर तरंगत, हळूहळू उतरत खाली येतं. कुठं गरम हवा वर चढत असली की तिच्यावर बसून घारीसारखं वरही जातं. शहराबाहेर बाहुबलीच्या बाजूला एका माळावर ह्या लोकांची धावपट्टी आहे.

ह्या दोरापायीच मी त्यात ओढला गेलो. दोरखंड आणि ताडपत्री विकण्यात माझा जन्म गेला. सुनेच्या विमानाला दोर बाहेरून कशाला, म्हणून मी दुकानातला सगळ्यात दणकट दोर घेऊन माळावर गेलो. तर तिथं त्यांनी मला दाखवलं की दोराच्या टोकाला एक मुद्दाम कच्चा तुकडा जोडायचा असतो. वाजवीपेक्षा जास्त ताण आला की तो तुटला पाहिजे, म्हणजे दोन्ही विमानं वाचतात. भाऊजी, आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला "तुटला तर आणून तोंडावर मारा" असं सांगत आलो, आणि इथं न तुटणं हाच अवगुण! मला लागलं ते. घरी येऊन मी ताक न पिता झोपलो. पण दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो, आणि नंतर दर रविवारी जायला लागलो. दुकान आता आमचा मुलगा जिनेश बघतो. मी गल्ल्यावर बसलो की तो गिऱ्हाइकासमोर माझ्याकडं असं बघतो, जसं काही मी तिथं विकायला ठेवलोय.

भाग्यश्रीचा अभ्यास आहे तो असा. विमान पुढं निघून गेलं की मागं हवेत मोठा घोळ राहतो. पंखांनी मधली हवा खाली दाबलेली असते, आणि ती पंखांच्या दोन्ही टोकांकडनं गुंडाळी घेत बाहेरच्या अंगाला वर उठते. म्हणजे पुढच्या विमानाच्या बरोब्बर मागं राहिलात तर तुम्ही दाबले जाता. गुंडाळीत सापडलात तर कोलांटी खाता. पण बगलेला, त्याच्या पंखाच्या टोकाबाहेर, जरा मागं राहिलात तर तीच हवा तुम्हाला उचलते, फुकट. बगळ्यांची रांग तिरकी जाते ती ह्याचसाठी म्हणे. माणसांच्या विमानांना हे नेमकं जमलं तर पुढंमागं पुष्कळ इंधन वाचेल. हे तिनं आम्हाला एका संध्याकाळी जेवताना आमटीत पळी फिरवून दाखवलं. आमची सौ. म्हणाली, आमटी गार झाली. मी मात्र विचारात पडलो. आमच्या सौ. सीताबाईंच्या मागंमागं करण्यात माझी सगळी उमर दाबली गेली, बगलेला राहिलो असतो तर आज कुठल्या कुठं असतो! (हे अक्काला वाचून दाखवू नका. ती लगेच फोन लावील.)

तर शनिवारी असं झालं. रविवारी बेंगळुरूहून दोन मोठी माणसं हे काम बघायला येणार होती. एक टक्कलवाले साहेब आणि एक कमी बोलणाऱ्या बाई. त्यांना पटलं तर काम पुढं चालणार, नाही पटलं तर ग्लायडर दुसऱ्या गावच्या कॉलेजला जाणार. आणि नेमका शनिवारी दुपारी भाग्यश्रीचा विद्यार्थी, जो पुढं बसून काट्याचे आकडे मोठ्यानं सांगायचा, त्याला कांजिण्या निघाल्या. दुसरं वजनात बसणारं कुणी मिळेना. जिनेशला विचारायची सोय नाही. तो आंबा घाटात मोटारीत उलट्या करतो, आणि मोटारीला तर चाकं रस्त्यावर टेकलेली असतात. भाग्यश्री स्वयंपाकघरात बसून घेवडा निवडत होती.  शेंगा केराच्या टोपलीत आणि दोरे पातेल्यात टाकत होती, त्यावरनं मला कळलं.

मी म्हणालो, "भाग्यश्री, मी बसतो की."

"अण्णा, चेष्टा नको."

"चेष्टा कशाची? वजन पाहिजे, ते आहे. आवाज पाहिजे, तो पेठेत सगळ्यांना माहीत आहे. आकडे वाचायचे, तर मी दुकानदार आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. पाच वर्षं झाली तिला ह्या घरात येऊन. चांगली पोरगी, पण माझ्याशी कायम पावण्याशी बोलावं तशी बोलायची. पदर नसला तरी आवाजावर पदर असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला डोक्यापासनं पायापर्यंत न्याहाळलं, आणि मग विचारलं, "रक्तदाबाची गोळी वेळेवर घेताय ना?" झालं, ठरलं. डॉक्टरांचा होकारही तिनं फोन करून मिळवला. (सौ. तेव्हा देवळात होती. तिला मी रविवारी "बाहुबलीच्या बाजूला जाऊन येतो" असं सांगितलं. ह्यात एक अक्षर खोटं नाही. ती प्रसाद आण म्हणाली, मी बरं म्हणालो.)

ह्या प्रयोगाला शांत हवा लागते. दुपारची गरम हवा निवली, वारा पडला, की मग उडायचं. म्हणजे उन्हं कलताना. मला लगेच जेवणाची काळजी पडली, कारण तुम्ही जाणताच, सूर्य मावळला की आपलं ताट पालथं. पण भाग्यश्री म्हणाली, दिवस असतानाच उतरू. मला पुढं बसवलं आणि ती मागं बसली. म्हणजे बैलगाडीत सामान पुढं आणि गाडीवान मागं. पट्टे असे आवळले की पोटातलं पोहे-दही गळ्यापाशी आलं. माझ्यापुढं एक काटा होता. विमान चढतंय का उतरतंय ते तो सांगायचा. तो वाचून मोठ्यानं आकडा बोलायचा, आणि बाकी काऽही धरायचं नाही, आपले गुडघे सोडून.

पुढच्या ओढणाऱ्या विमानात अमरसिंह होते. हे फौजेतनं निवृत्त झालेले गृहस्थ, पन्हाळ्याकडचे, मिशा अशा की हेल्मेटात मावत नाहीत. दोर ताणला, माळ धडधडत मागं पळायला लागला, आणि मग धडधड एकाएकी थांबली. मी म्हणालो, काय झालं, बंद पडलं का? मागनं ती म्हणाली, "अण्णा, आपण वर आहोत." खाली बघितलं तर एक माणूस आपली सावली धरून उभा होता, एवढाच. मी णमोकार मंत्र म्हणायला लागलो. मनातच म्हणत होतो अशी माझी समजूत होती, पण रेडिओवर अमरसिंहांचा आवाज आला, "ये भाग्यश्री, तुझ्या विमानात कोण पूजा घालतंय?"

वर गेल्यावर तिनं दोर सोडला. खट्ट. आणि भाऊजी, मग जी शांतता झाली, ती मी तुम्हाला कशी सांगू? पहाटे देवळात पहिल्यांदा दार उघडतात आणि आत कुणीच नसतं, तेव्हा असते तशी. फक्त वाऱ्याची सळसळ. खाली पंचगंगा वळणं घेत पडलेली, उसाचे हिरवे चौकोन, मधे गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चाललेला, आणि टेकडीवर बाहुबली स्वामी, इवलेसे, पांढरे. मी हात जोडले. म्हणजे सौ.ला सांगितलेलं खरं झालं, दर्शन झालं, फक्त वरच्या बाजूनं.

मग प्रयोग सुरू झाला. अमरसिंहांनी विमानाचा वेग आमच्याइतका कमी केला आणि ते हळूहळू उतरत सरळ चालले. भाग्यश्रीनं आधी मुद्दाम मागच्या दाबाच्या हवेत नेऊन दाखवलं. काटा धाडकन खाली. मी आकडा ओरडलो. मग जरा बाजूला सरकली तर गुंडाळीचा काठ लागला आणि आमचा एक पंख असा उचलला की पोह्यांनी पुन्हा विचारपूस केली. तिनं लगेच सावरलं. आणि मग आणखी बाहेर, पुढच्या पंखाच्या टोकापलीकडं, ती ग्लायडर नेऊन ठेवायला लागली. नेऊन ठेवायला हाच शब्द बरोबर आहे. जरा आत, जरा बाहेर, जरा वर. झोपलेल्या लेकराखालचं पांघरूण काढताना करतात तसं. आणि एकदम सगळं गुळगुळीत झालं. काटा खालनं उठायला लागला. मी आकडा सांगितला, मग पुढचा, मग पुढचा. काटा पार मधोमध नाही आला, पण उतरण चांगली तिसऱ्या हिश्शानं कमी झाली. आम्ही कुणाच्या तरी उरलेल्या हवेवर बसलो होतो! मी ओरडलो, "भाग्यश्री, उचलतंय गं, उचलतंय!" ती मागनं हसली. तिचं हसू मी त्याआधी कधी ऐकलेलंच नव्हतं, भाऊजी. घरात ती तोंडावर हात धरून हसते.

जमिनीवरनं टक्कलवाले साहेब रेडिओवर म्हणाले, पुन्हा एकदा करा. केलं. पुन्हा एकदा. केलं. कमी बोलणाऱ्या बाईंनीही एकदा "वन्स मोअर" म्हटलं, नाट्यगृहात म्हणतात तसं. आणि ह्या वन्स मोअरच्या नादात आम्ही सरळ सरळ चालत किती लांब आलो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाग्यश्रीनं ग्लायडर वळवलं तेव्हा माळ कुठंतरी धुरकट क्षितिजावर होता, समोरनं वारा सुटलेला होता, आणि मधे डोंगराची एक सोंड आडवी. गरम हवा तर कधीच निजलेली. मागचं हसू थांबलं होतं.  मला शनिवारचा घेवडा आठवला.

मी विचारलं, "पोचतोय का आपण?"

"बघते."

घरातल्या माणसानं "बघते" म्हटलं की काय समजायचं, ते आपण दोघंही जाणतो. काटा खाली पडलेला. सोंड जवळ येत होती आणि आमच्याइतकीच उंच वाटत होती. मी आकडे बोलत राहिलो, पण आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचाच येत होता. तेवढ्यात डावीकडनं अमरसिंहांचं विमान आलं आणि आमच्या पुढ्यात, जरा आडव्या अंगाला, येऊन स्थिर झालं. रेडिओवर आवाज आला, "पोरी, माझ्या उजव्या बगलेला लाग. मागं येऊ नको, मागं मार बसतोय. घाई करू नको. सोंड पार करून देतो तुला."

प्रयोग आता संपला होता, भाऊजी. हे खरं चाललेलं होतं. तिनं तीच जागा शोधायला सुरुवात केली, जरा आत, जरा बाहेर. एकदा गुंडाळी लागली, आम्ही तिरके झालो, उंची गेली. सोंडेवरची झुडपं वेगवेगळी दिसायला लागली. मी डोळे मिटणार होतो, पण मग आकडे कोण सांगणार? म्हणून उघडे ठेवले. मागनं ती म्हणाली, "अण्णा, आकडा." मी सांगितला. "मोठ्यानं." मी मोठ्यानं सांगितला. आणि काटा उठला! पुढचा माणूस त्याच्या वाटेनं चाललाय, त्याच्या पंखानं ढवळलेली हवा आम्हाला खालनं हात देतेय, आणि सोंड आमच्या पोटाखालनं गेली. एका झाडावर एक मोर बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. दोघांनाही काही सुचलं नाही.

पलीकडं माळ दिसला. धावपट्टी दिसली, तंबू दिसला, साहेबांचं टक्कल चमकलं असंही मला वाटलं. मी उत्साहात आलो. म्हणालो, "जमतंय की! मार सरळ!" मधे फक्त विजेच्या मोठ्या तारा होत्या. मी म्हणालो, तारांवरनं आरामात जाईल, मी दुकानातनं रोज गच्चीवर ताडपत्री फेकतो, मला अंदाज आहे.

"अण्णा, गप बसा."

असं म्हणाली ती. सरळ, स्पष्ट, पदर न घेता. आणि अमरसिंहांना म्हणाली, "मी अलीकडं उतरते. तुम्ही व्हा पुढं." साहेब बघत होते, पट्टी समोर होती, चार माणसांत मिरवायची वेळ होती, आणि ह्या पोरीनं ते सगळं बाजूला ठेवून तारांच्या अलीकडं ऊस तोडून मोकळं झालेलं एक रान निवडलं. ऊस उभा असता तर आम्ही त्यात गुडूप झालो असतो. मी गप बसलो. मला राग यायला पाहिजे होता. पण खरं सांगू का, एवढं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. परक्याला कुणी "गप बसा" म्हणत नाही.

पंखांतनं वेग मोडणाऱ्या फळ्या वर आल्या, रान मोठं मोठं होत गेलं, सऱ्यांवरनं खडाड् खडाड् झालं, माझी कवळी (खालची) जाग्यावरनं हलली, आणि आम्ही थांबलो. झाकण उघडलं. पाचटाचा वास आला. मी म्हणालो, "शेवटचा आकडा सांगू का?" तर ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

बांधावर दोन बायका विळे घेऊन उभ्या होत्या. बनाबाई आणि चिमणाबाई, जावाजावा, रान त्यांचंच. बनाबाई पुढं आली, कमरेवर हात ठेवला.

"पावणं, कुठनं आला?"

मी म्हणालो, "वरनं."

"त्ये दिसलं की. गाव कुठलं?"

"कोल्हापूर. मंगळवार पेठ."

"मग येवढा लांबचा वळसा कशाला घ्याचा? हितनं एष्टी हाय की."

चिमणाबाईनं विमानाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्येचं इंजान कुठं पडलं?" मी सांगितलं की ह्याला इंजिन नसतंच. तिनं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि म्हणाली, "मग पडनारच की वो." तोवर अर्धं गाव जमा झालं. एकानं ट्रॅक्टरनं ओढू म्हटलं, एकानं म्हशी बांधू म्हटलं, एका म्हाताऱ्यानं पंखावर हात ठेवून "पत्रा चांगला हाय" असा निकाल दिला. (पत्रा नाही, पण म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा?) भाग्यश्रीनं बनाबाईला सगळं समजावून सांगितलं, घोळ, गुंडाळी, बगल. बनाबाईनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी त्यो फुडं, तू कडंला. पर मागं न्हाय जायचं. चालतंय." आणि मग माझ्याकडं वळून, "ह्येंचं त्वांड बारीक झालंय. जेवनार का?"

भाऊजी, सूर्य झाडाच्या शेंड्यावर टेकलेला. मी संकोच सोडून सांगितलं की बाई, जेवीन, पण दिवस आहे तोवर, आणि लसूण नको. "जैन व्हय? मग आदी सांगायचं न्हाई का!" असं म्हणून ती अशी धावली की जणू दिवस तिच्याच घरी मावळणार होता. बांधावरच बसलो. गरम भाकरी, दही, हिरव्या मिरचीचा खरडा मीठ घालून, वरनं घरचा गूळ. भाग्यश्री माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तिनं माझ्या ताटातला गुळाचा खडा न विचारता उचलला. सूर्य गेला तेव्हा माझा शेवटचा घास तोंडात होता.

आणि त्याच वेळी बांधावरनं आमची जीप आली, मागं ग्लायडर न्यायची लांब गाडी. जिनेश चालवत होता, चेहरा हिरवा. (रस्ता फार वळणांचा आहे.) आणि शेजारी सौ. अमरसिंहांनी उतरल्या उतरल्या घरी फोन केला होता, "काळजी करू नका, बापूसो रानात आहेत." ह्या वाक्यानं काळजी कशी करू नये, ते त्यांनाच माहीत. सौ. खाली उतरली. आधी विमान बघितलं, मग रान, मग तारा, मग मला.

"बाहुबलीचा प्रसाद कुठाय?"

मी भाकरीचा तुकडा पुढं केला. तिनं तो घेतला नाही. सरळ भाग्यश्रीकडं गेली. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. तर तिनं तिच्या केसांतलं पाचट काढलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?" एवढंच. मग पंख काढायला माणसं लागली. सौ.चे पाय दुखत होते, बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती ग्लायडरातच बसली, माझ्या जागेवर. बराच वेळ बसली. काट्याकडं बघत होती.

साहेब आणि बाई नंतर आल्या. मला वाटलं, पट्टीवर उतरलो नाही म्हणून नापास. पण साहेब भाग्यश्रीला म्हणाले की आम्ही जे कागदावर बघायला आलो होतो, ते तुम्ही घरी यायला वापरून दाखवलंत. आणि बाई म्हणाल्या की सोंड ओलांडली त्याचं मला कौतुक वाटलं, पण तारा ओलांडल्या नाहीत त्याचं जास्त. (सगळ्या दिवसात एवढंच लांब वाक्य त्या बोलल्या.) ग्लायडर इथंच राहणार, काम पुढं चालणार. काल कॉलेजातनं पेढे आले. पेठेत माझा भाव वाढलाय. सलूनवाला दाढी करताना आता वरचं विचारतो. आणि घरात भाग्यश्री मला दिवसातनं दोनतीनदा तरी "अण्णा, गप बसा" म्हणते. मी गप बसत नाही, मुद्दाम.

असं सगळं आहे. मी सुखात आहे आणि बिलकुल घाबरलो नव्हतो, हे गडहिंग्लजात जो कुणी विचारील त्याला सांगावं. अक्काला जपा, स्वतःला जपा, लेकरांच्या डोक्यावर माझा हात ठेवा.

तुमचा धाकटा,
बापूसो

ता. क. : बिलकुल घाबरलो नव्हतो हे जरा जास्तच लिहिलं गेलंय. दुसरं, माझ्या आकड्यांबद्दल. सोमवारी त्या बाईंनी फोनवर आभार मानले तेव्हा कळलं की काट्याचं सगळं यंत्रात आपोआप नोंदलं जातं. कुणी ओरडायची काही गरज नव्हती. मी भाग्यश्रीला विचारलं, मग मला कशाला ओरडायला लावलंस? ती म्हणाली, "तुम्ही हात कुठंतरी घातला असता." मग सोंडेपाशी "मोठ्यानं" का म्हणालीस? तर म्हणाली, "तेव्हा मला ऐकायचं होतं."

ता. क. २ : भाऊजी, पत्र खरं तर एका कामासाठी लिहिलंय. येत्या रविवारी सौ. वर जाणार आहे. कुणाचं ऐकत नाही. डॉक्टर हो म्हणाले, भाग्यश्री हो म्हणाली, अमरसिंहांनी तर सलाम ठोकला. मी स्वतः वर बसायला आजही तयार आहे, पण खाली उभा राहून ती वर आहे हे बघणं माझ्यानं होणार नाही. तरी कृपा करून शनिवारी रात्री फोन करा आणि मला तातडीनं गडहिंग्लजला बोलावून घ्या. कारण काहीही काढा, फक्त आजारपण नको, नाहीतर तीही निघेल. आवाज घाईचा ठेवा.

ता. क. ३ : फोन करू नका. काल पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, तेवढ्यात सौ.नं सांगितलं की रविवारी माझ्यासाठी काम ठरलंय. ग्लायडर निघताना एक पंख जमिनीला टेकू नये म्हणून एका माणसानं त्याचं टोक धरून थोडं सोबत पळायचं असतं, आणि वेग आला की सोडून द्यायचं. ते मी करायचं, असं तिनंच सुचवलं. काल संध्याकाळपासनं गच्चीवर सराव करतोय. पंखाच्या जागी जिनेशनं ताडपत्रीचा बांबू धरलाय. पळणं जमलंय, भाऊजी. सोडणं अजून जमत नाही.